मुंबईचे पिल्लू परदेशी निघाले

लालबागच्या एका चाळीत, जिन्याखाली, ऐन गणपतीच्या दिवसांत एका गावठी कुत्रीने चार पिल्ले घातली. तीन पिल्ले इकडेतिकडे गेली. चौथे राहिले. मंडपाच्या मागे प्रसादाच्या वासावर ते घुटमळायचे, म्हणून चाळीतल्या पोरांनी त्याचे नाव ठेवले मूषक. कुत्र्याचे नाव मूषक! पण मुंबईच्या चाळीत एकदा पडलेले नाव ब्रह्मदेवालाही बदलता यायचे नाही.

या मूषकाला सांभाळले दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी. जन्म गिरणीत गेलेला, वय ऐंशीच्या पुढे, बायको वारलेली. चाळ पुनर्बांधणीसाठी मे महिन्यात रिकामी करायची ठरली होती आणि आजोबा डोंबिवलीला मुलाकडे जाणार होते. तिथे सुनेला दमा. कुत्रे न्यायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा विलायतेत, लीड्स शहरात परिचारिका असलेली त्यांची नात म्हणाली, "आजोबा, मूषकला मी घेऊन जाते." आजोबा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, पिल्लू विमानात घालायला काय लागतं हो? तिकीटच ना?"

मी गिरगावातला जनावरांचा डॉक्टर. हा प्रश्न मला वर्षातून पाचदहा वेळा तरी ऐकायला मिळतो. कोणाची लेक टोरांटोला असते, कोणाचा मुलगा न्यू जर्सीला. कोणी दादरच्या फुटपाथवरून उचललेले पिल्लू एखाद्या परदेशी पाहुण्याला देऊ म्हणतो. सगळ्यांना वाटते, पिल्लू म्हणजे लोणच्याची बरणी. नीट बांधली की पोचली. तसे नाही. म्हणून आज तुमच्याशी या विषयावर चार गोष्टी बोलणार आहे. त्यांत माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे, कारण नियमापेक्षा चूक जास्त लक्षात राहते.

आधी एक विचारू? हे नियम मुळात कशासाठी? बऱ्याच लोकांना वाटते की परक्या देशांना आपल्या कुत्र्यांचा तिटकारा आहे. तिटकारा नाही, भीती आहे. आणि अशी भीती काय असते हे मुंबईला चांगले ठाऊक असायला हवे. १८९६ साली मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि पुढच्याच वर्षी युरोपातल्या बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या बोटींकडे संशयाने पाहायला सुरुवात केली. मुंबईची माणसे, मुंबईचा माल, सगळेच संशयित. त्याच काळात डॉक्टर हाफकिन यांनी याच शहरात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. म्हणजे संशय आणि संशयावरचा उतारा हे दोन्ही आपल्या परळ-भायखळ्याने पाहिलेले आहे.

कुत्र्यांच्या बाबतीत भीती आहे ती रेबीजची. आपण ज्याला कुत्रे पिसाळणे म्हणतो तो रोग. लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस किंवा जनावर वाचणे जवळजवळ अशक्यच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात आणि त्यांत भारताचा वाटा फार मोठा आहे. तुमच्यापैकी जी मंडळी वयाने मोठी आहेत, त्यांना पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शने पुरतात. लस सुधारली, पण रस्त्यावरचा रोग अजून गेलेला नाही.

ब्रिटनने हा रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या बेटांवरून घालवला. पहिल्या महायुद्धानंतर तो कुत्र्यांबरोबर पुन्हा शिरला आणि १९२२ मध्ये पुन्हा हद्दपार झाला. त्यानंतर त्यांनी दार असे लावून घेतले की बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा सहा महिने सरकारी देखरेखीखाली वेगळा ठेवायचा. याला क्वारंटाइन म्हणत. मुंबईत नोकरी करून मायदेशी परतणाऱ्या साहेबाचा लाडका कुत्राही त्यातून सुटत नसे. पिल्लू म्हणून आत गेलेले जनावर बाहेर पडायचे तेव्हा मालकाला ओळखेलच याची खात्री नसायची. हा सहा महिन्यांचा तुरुंगवास २००० सालापासून हळूहळू संपला. त्याच्या जागी आले लस, चिप, रक्ततपासणी आणि कागद. थोडक्यात, पूर्वी कुत्रा तिथे पोचल्यावर वाट पाहायचा, आता तो निघण्यापूर्वी इथेच वाट पाहतो. वाट पाहणे काही टळलेले नाही.

आता तुम्ही म्हणाल, एखाद्या गोजिरवाण्या पिल्लाने असे काय बिघडणार? ऐका तर. मार्च २००७ मध्ये भारतातून अमेरिकेत नेलेले एक पिल्लू वॉशिंग्टन राज्यातून पुढे अलास्कात गेले. तिथे ते आजारी पडले. तपासणीत निघाले रेबीज, आणि विषाणूची जात थेट भारतातल्या कुत्र्यांमधली. ज्यांनी ज्यांनी त्याला मांडीवर घेतले त्यांचा शोध घेणे आले, लसी टोचणे आले. नेणाऱ्यांच्या मनात दया होती हो, दुसरे काही नव्हते. पण विषाणूला दया कळत नाही. मौज अशी की त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेने जाहीर केले की आमच्या देशातून कुत्र्यांकडून कुत्र्यांना होणारा रेबीज नाहीसा झाला आहे. ज्या घराने इतक्या कष्टाने घर झाडले, ते दाराशी पाय धुवायला सांगणारच.

एवढी पार्श्वभूमी झाली. आता पिल्लाचे पंचांग मांडू.

पहिली गोष्ट, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचे नाही. आपल्या देशात कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी २०१७ साली जे नियम झाले, त्यांत आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री मना आहे. हे केवळ मायेपोटी नाही. आईच्या आणि भावंडांच्या संगतीत पिल्लू चावायचे किती आणि भुंकायचे कधी हे शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे निघण्याचा संभव जास्त, आणि भित्र्या कुत्र्याला चौदा तासांचा प्रवास घडवणे म्हणजे शिक्षाच.

दुसरी गोष्ट, बारा आठवडे. परदेशासाठी धरली जाणारी रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय द्यायची नाही. का? गाईच्या ज्या पहिल्या दुधाचा आपण खरवस करतो, त्या चिकासारखाच चीक कुत्रीलाही येतो. त्यातून आईची रोगाशी लढणारी शक्ती पिल्लाच्या अंगात जाते. ती शिल्लक असेपर्यंत ती आपल्या लसीलाही शत्रूच समजते आणि लस वाया जाते. बारा आठवड्यांनी हा आईचा पहारा उठतो. मग पिल्लाचे शरीर स्वतःचा पहारा बसवायला शिकते.

तिसरी गोष्ट चिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही वस्तू सुईने मानेच्या कातडीखाली बसवतात. पुष्कळांना वाटते की या चिपमुळे कुत्रा कुठे हिंडतो आहे ते मोबाइलवर दिसते. तसे काही नाही. यंत्र जवळ धरले की ती फक्त पंधरा आकड्यांचा एक क्रमांक सांगते. पण तो क्रमांक म्हणजेच कुत्र्याचे नाव, गाव आणि गोत्र. लसीच्या वहीवर, रक्ताच्या नळीवर, प्रत्येक दाखल्यावर हाच क्रमांक लागतो. हा कागद याच कुत्र्याचा, हे सिद्ध करायला दुसरा मार्ग नाही. तपकिरी गावठी पिल्ले काय, परळपासून पनवेलपर्यंत सारखीच दिसतात.

आणि इथेच, वाचकहो, माझी चूक झाली.

मूषकचा जन्म सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. डिसेंबरच्या एक तारखेला मी त्याला रेबीजची लस टोचली. चिप माझ्याकडे त्या दिवशी नव्हती. म्हटले, पुढच्या खेपेला बसवू. ३१ डिसेंबरला रक्त घ्यायला आजोबा त्याला घेऊन आले, तेव्हा मी चिप बसवली, क्रमांक नळीवर लिहिला, रक्त रवाना केले. अहवाल उत्तम आला. नातीने मार्चअखेरची रजा मंजूर करून घेतली, विमानाची चौकशी केली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कागद लावायला बसलो आणि माझी नजर दोन तारखांवर गेली. लस १ डिसेंबर. चिप ३१ डिसेंबर. नियम सांगतो, आधी चिप, मग लस. फार तर दोन्ही एकाच दिवशी. चिपच्या आधी टोचलेली लस नियमाच्या लेखी कोणाला टोचली कोण जाणे! लस खरी, रक्त खरे, अहवाल खरा. पण ती लस याच कुत्र्याला मिळाली याचा पुरावा नाही. म्हणजे सगळे पहिल्यापासून.

आजोबांना हे सांगताना मला जी लाज वाटली ती सांगत नाही. ते रागावले नाहीत. चष्मा काढला, दोन्ही तारखा डोळ्यांजवळ धरून वाचल्या आणि म्हणाले, "डॉक्टर, सही करायच्या आधी तारीख वाचावी, हे आम्हांला मुकादम शिकवायचा." एवढेच. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

२५ मार्चला पुन्हा लस दिली. आता पुढचे गणित तुम्हीच करा. रक्त घ्यायचे ते लसीनंतर निदान ३० दिवसांनी, म्हणजे २४ एप्रिलला. रक्तातले पाणी वेगळे काढून, थंड ठेवून, त्या देशाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथे रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असे भरावे लागते. ते भरले की रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. म्हणजे २४ जुलै. चाळ रिकामी होणार मे महिन्यात. मधले दोनअडीच महिने मूषकने राहायचे कुठे?

तीन महिने का थांबायचे, असे तुम्ही विचाराल. अहवाल चांगला आला, मग अडवता कशाला? याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे अगदी सावकाश जातो. कधी काही आठवडे, कधी काही महिने. लस टोचण्यापूर्वीच पिल्लाला एखादा पिसाळलेला कुत्रा चावला असेल, तर बाहेरून ते धडधाकट दिसेल, रक्तही चांगले दिसेल आणि रोग मात्र आत चालत राहील. तीन महिने म्हणजे त्या लपलेल्या रोगाला बाहेर पडायला दिलेली मुदत. म्हणून हे दिवस पैशाने किंवा ओळखीने कमी होत नाहीत. कोणी "मी तारीख मागे घालून देतो" असे म्हणाला, तर त्याच्या दारात पुन्हा उभे राहू नका. असल्या खोट्या कागदांमुळेच अमेरिकेने जुलै २०२१ मध्ये आपल्यासारख्या अनेक देशांतल्या कुत्र्यांना तात्पुरती दारबंदी केली होती. एकाने तारीख खोडली आणि हजारांची वाट अडली.

तेव्हा हिशेब असा. बारा आठवडे, अधिक तीस दिवस, अधिक तीन महिने. ब्रिटन किंवा युरोपीय संघातल्या देशांत जाणारे भारतातले पिल्लू जवळजवळ सात महिन्यांचे झाल्याशिवाय निघू शकत नाही. गणपतीत जन्मले तर गुढीपाडव्याच्या सुमारास. म्हणजे खरे पाहता 'पिल्लू' परदेशी जातच नाही. जातो तो अंगाने भरलेला, मिसरूड फुटू लागलेला तरुण कुत्रा! जाहिरातीत कोणी दोन महिन्यांचे पिल्लू इथून थेट लंडनला पोचते करतो म्हणाला, तर समजा की तो खोटे बोलतो आहे किंवा खोटे करणार आहे.

देशोदेशीचे फरक थोडक्यात सांगतो. ब्रिटनला जाताना आणखी एक गोष्ट लागते. तिथे पोचण्यापूर्वी २४ तासांच्या अलीकडे नाही आणि १२० तासांच्या पलीकडे नाही, अशा बेताने पट्टकृमीचे औषध डॉक्टरच्या हातून देऊन त्याची वेळ लिहून घ्यावी लागते. एक विशिष्ट पट्टकृमी त्यांच्या बेटांवर नाही, तो त्यांना यायला नको आहे. शिवाय विमानाने जाणारा कुत्रा मालकाच्या मांडीवर किंवा सामानाबरोबर नव्हे, तर मालवाहतुकीच्या कागदांवर आणि ठरावीक मार्गानेच जातो.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम केले. कुठल्याही देशातून येणारा कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा आणि त्याला चिप हवी. भारत त्यांच्या रेबीजच्या धोक्याच्या यादीत असल्याने सरकारी पशुवैद्यकाने शिक्कामोर्तब केलेला लसीचा दाखला लागतो, ठरावीक विमानतळांवरच उतरावे लागते आणि तिथल्या नोंदलेल्या प्राणिगृहात आगाऊ जागा राखावी लागते. रक्ताचा मान्य अहवाल नसेल तर २८ दिवसांचे क्वारंटाइन.

जपान तर आणखी काटेकोर. दोन लसी, मग रक्त, आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा. येण्याची वर्दी निदान ४० दिवस आधी द्यायची. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या एखाद्या तिसऱ्या देशातून जावे लागते आणि तिथे पोचल्यावर मेलबर्नजवळच्या सरकारी केंद्रात वेगळे राहावे लागते.

आणि कॅनडा. हे नीट लक्षात ठेवा, कारण दादर-गिरगावातली कितीतरी मुले तिकडे आहेत. २८ सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने भारतासारख्या देशांतून व्यापारी कुत्र्यांना बंदी घातली आहे. आता 'व्यापारी' म्हणजे केवळ विकण्यासाठी नेलेले नव्हे. दत्तक देण्यासाठी, दुसऱ्याच्या हवाली करण्यासाठी नेलेलाही त्यातच मोडतो. तुमचा स्वतःचा कुत्रा तुम्ही घेऊन गेलात, तर त्याचे नियम वेगळे. पण रस्त्यावरचे पिल्लू उचलून तिथल्या एखाद्या दयाळू कुटुंबाला पाठवण्याची वाट तिथे आता बंद आहे. योगायोग असा की २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन आणि म्हणूनच जागतिक रेबीज दिन.

हा मालकीचा मुद्दा सगळीकडेच महत्त्वाचा आहे. घरचा कुत्रा मालकाबरोबर जाणे निराळे आणि नव्या मालकाकडे पाठवणे निराळे. ब्रिटनमध्ये आणि युरोपात घरच्या कुत्र्याची सवलत हवी असेल, तर मालकाने कुत्र्याच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत स्वतः प्रवास करायला हवा, आणि तिथे पोचल्यावर कुत्रा विकणे किंवा दुसऱ्याच्या नावे करणे हा हेतू असता कामा नये. नाहीतर तो व्यापारी माल ठरतो आणि त्याची तपासणी व कागद वाढतात. म्हणून मूषकच्या बाबतीत आम्ही नातीला सांगितले, तूच इथे ये, त्याला रीतसर आपल्या नावे करून घे आणि त्याच्याबरोबरच जा.

आता आपल्या सरकारचे काम. मुंबईत केंद्र सरकारच्या पशू क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेचे कार्यालय आहे. प्रवासाच्या आधी काही दिवस तिथे कुत्रा समक्ष दाखवून निर्यातीचा आरोग्यदाखला घ्यावा लागतो. लसीची मूळ वही, चिपचा कागद, रक्ताचा अहवाल, नोंदणीकृत पशुवैद्यकाचा दाखला, मालकाचा पासपोर्ट आणि तिकीट, असे सगळे बरोबर न्यावे. दाखल्याची मुदत थोडी असते. ब्रिटनला पोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांतला तो लागतो. म्हणून विमान पुढे ढकलले गेले तर कागदही पुन्हा. वर सांगितलेले नियम देश मधूनमधून बदलत असतात. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी माहितीवर नजर टाका. शेजाऱ्याचा कुत्रा दोन वर्षांमागे कसा गेला, यावर विसंबू नका.

राहता राहिला खोका. हे काम सुताराकडून घाईघाईने करून घ्यायचे नाही. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे माप ठरलेले आहे. कुत्रा आत ताठ उभा राहिला पाहिजे, कान छताला लागता कामा नयेत, त्याला वळता आले पाहिजे आणि ऐसपैस आडवे होता आले पाहिजे. लांबीसाठी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजायचे आणि त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा. चारी बाजूंनी हवा, बाहेरून भरता येईल असे पाण्याचे भांडे, खाली ओल शोषून घेणारे अंथरूण. हा खोका निदान महिनाभर आधी घरात आणून ठेवा. त्यात त्याला खायला घाला, झोपू द्या. मालकाचा जुना सदरा आत टाका. प्रवासाच्या दिवशी खोका हा परका तुरुंग न वाटता आपली वळचण वाटली पाहिजे.

झोपेचे औषध मात्र देऊ नका. लोक मोठ्या प्रेमाने विचारतात, "डॉक्टर, एक गोळी द्या म्हणजे बिचारा झोपून जाईल." उंचावर गुंगीतल्या जनावराचा श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, त्याला तोल सावरता येत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर श्वासाचा त्रास मुळातच असतो. एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीनंतर मुंबईत पग फार झाले. पण पुष्कळ विमान कंपन्या त्यांना घ्यायलाच तयार नसतात आणि घेतले तरी खोका मोठा मागतात. आपल्या गावठी कुत्र्याचे नाक लांब आणि प्रकृती काटक. या एका बाबतीत तो खानदानी ठरतो.

या सगळ्याला खर्च किती, हे मी सांगत नाही, कारण तो दर महिन्याला बदलतो. एवढेच म्हणतो की पिल्लू फुकट मिळाले असले, तरी त्याचा खोका, रक्ततपासणी आणि विमानभाडे फुकट मिळत नाही. म्हणून मी लोकांना आधी एक प्रश्न विचारतो. ज्याला पाठवायचे त्याला हाच जीव हवा आहे, की एक कुत्रा हवा आहे? नुसता कुत्रा हवा असेल तर त्याच्या गावातही अनाथ कुत्री आहेत. ती घेऊ दे. तेवढ्या पैशांत इथल्या कितीतरी कुत्र्यांना लसी टोचता येतील. शेजारच्या गोव्यात गेल्या दशकात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लसी टोचण्याची मोहीम झाली, रेबीजने होणारे मृत्यू घटले आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. साऱ्या देशासाठी आपण २०३० हे वर्ष समोर ठेवले आहे. परदेशांची दारे आपल्या कुत्र्यांसाठी सैल व्हायची असतील, तर त्याची किल्ली इथेच, आपल्या गल्लीत आहे. पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना काढा, दरवर्षी लस टोचा. परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयासारखी जुनी ठिकाणे आपल्या शहरात शतकाहून अधिक काळ जनावरांची सेवा करीत आहेत. लस टोचून घ्यायला लंडनचे तिकीट लागत नाही.

पण जिथे हाच जीव हवा असतो, तिथे मी अडवत नाही. मूषक त्यांतला होता.

मे महिन्यात चाळ रिकामी झाली. आजोबा डोंबिवलीला गेले आणि मूषक माझ्या घरी, गिरगावात. माझ्या चुकीचे भाडे मीच भरायचे, हा साधा न्याय. आमच्या घरात त्याने एक चप्पल आणि अर्धा सोफा फस्त केला. दर रविवारी आजोबा डोंबिवलीहून दादरला उतरून, गाडी बदलून चर्नी रोडला यायचे. हातात बिस्किटांचा पुडा. चौपाटीपर्यंत दोघे सावकाश चालत जायचे आणि परत यायचे. पावसाळा सुरू झाल्यावर मी म्हटले, "आजोबा, पाऊस आहे, नका येऊ." ते म्हणाले, "तारखा तुम्ही बघा, रविवार मी बघतो."

मार्चमध्ये मोजमाप करून आणलेला खोका जुलैत तोकडा पडला. नवा आणावा लागला. नात आली. कागद पुन्हा लावले. या वेळी तारखा मी वाचल्या, माझ्या कंपाउंडरने वाचल्या आणि शेवटी आजोबांनी बोट ठेवून एकेक वाचली. पट्टकृमीच्या गोळीची वेळ मी घड्याळ पाहून लिहिली. सहारच्या मालधक्क्यावर रात्री खोका आत गेला तेव्हा मूषक भुंकला नाही. आजोबांचा जुना बंडी-सदरा अंगाखाली घेऊन तो पाय मुडपून बसला होता. दुसऱ्या दिवशी हीथ्रोच्या प्राणिकेंद्रात चिपचे यंत्र लावले, पंधरा आकडे जुळले, आणि चाळीतला मूषक बाहेर सोडला गेला.

आजोबा आता रविवारी कुठे येत नाहीत. डोंबिवलीतच सुनेच्या मोबाइलवर तो दिसतो, गवतावर पळताना. परवा त्यांनी मला फोन करून विचारले, "डॉक्टर, त्याची पुढची लस कधी?" मी म्हटले, "ती आता तिथले डॉक्टर बघतील." ते म्हणाले, "ते बघतीलच हो. पण तारीख मला सांगा. मी लिहून ठेवतो."

मी सांगितली. त्यांनी ती मला परत वाचून दाखवली.